गाडीत झोपायचंय पण उकडतंय? हे करून बघा

ठाण्याहून माळशेज नाहीतर भंडारदऱ्याला एप्रिल-मे मध्ये जाताय आणि गाडीतच झोपणार असाल तर आधी एक ऐका, इंजिन चालू ठेवून एसी लावून अजिबात झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, कळतच नाही आणि जीव जातो.

गाडी दुपारपासूनच झाडाखाली लावा, पुढच्या काचेला सनशेड. रात्री समोरासमोरच्या दोन काचा 3-4 बोटं उघड्या, त्यावर बाहेरून मच्छरदाणीची जाळी, आणि यूएसबी फॅन एका काचेकडे तोंड करून, म्हणजे आतली गरम हवा बाहेर जाते. हे खरंच खूप फरक पाडतं.

ओला पंचा कोरड्या हवेतच कामाचा, आपल्या खाडीकाठच्या दमटपणात नुसती चिकचिक.