विमानतळावरची रांग टाळणारी ‘विश्वासू प्रवासी’ योजना निवडताना या चुका टाळा

मुंबईहून अमेरिकेला मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांना चेक-इनखेरीज निदान चार ठिकाणी थांबावे लागते. टर्मिनलच्या दारात तिकीट आणि ओळखपत्र दाखवायचे, आपल्या इमिग्रेशनच्या काउंटरवर उभे राहायचे, सीआयएसएफची सुरक्षा तपासणी करून घ्यायची आणि उतरल्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशनला तोंड द्यायचे. तिथून पुढे अंतर्गत विमान पकडायचे असेल, तर टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या तपासणीची पाचवी रांग लागते. या रांगा वेगवेगळ्या यंत्रणांच्या आहेत आणि त्या लवकर संपवणाऱ्या योजनाही वेगवेगळ्या आहेत. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे असे अर्ज भरून देताना माझ्या ध्यानात आले आहे की, बहुतेकांची फसगत अर्ज भरण्याच्या आधीच झालेली असते, कारण आपल्याला नेमकी कोणती रांग टाळायची आहे हे त्यांनी ठरवलेलेच नसते.

एका रांगेसाठी दुसऱ्याच रांगेची योजना घेणे

डिजियात्रा ही १ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली सोय देशांतर्गत प्रवासासाठी आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवून ती टर्मिनलच्या दारातला आणि सुरक्षा तपासणीच्या तोंडाशी होणारा कागदपत्रे पाहण्याचा वेळ वाचवते. त्यानंतरची अंगझडती आणि बॅगेची तपासणी इतरांसारखीच होते. परदेशी जाताना इमिग्रेशनच्या काउंटरवर तिचा काहीही उपयोग नाही.

त्या काउंटरसाठी ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’ ही केंद्रीय गृह मंत्रालयाची योजना आहे. ती २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या टर्मिनल ३ वर आणि १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) तिच्यासाठी अर्ज करू शकतात. ऑनलाइन अर्ज मंजूर झाल्यावर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद विमानतळावर किंवा एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांच्या विभागीय नोंदणी कार्यालयात करावी लागते, आणि त्यानंतर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करून ई-गेटमधून, म्हणजे आपोआप उघडणाऱ्या दारातून, जाता येते. मात्र सुरक्षा तपासणीची रांग या योजनेनेही चुकत नाही. शिवाय ही सोय सर्व विमानतळांवर नाही. सप्टेंबर २०२५ मधील विस्तारानंतर विमानतळांची संख्या तेरा झाली, तेव्हाच्या यादीत पुणे, नागपूर आणि गोवा नव्हते. लोहगावहून थेट परदेशी जाणाऱ्याने अर्ज करण्यापूर्वी ताजी यादी अवश्य पाहावी.

अमेरिकेत उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग ‘ग्लोबल एंट्री’ने कमी होते, तर तेथील विमानात बसण्यापूर्वीची सुरक्षा तपासणी ‘टीएसए प्रीचेक’ने सोपी होते; आधी पडताळणी झालेल्या प्रवाशांसाठीच्या या दोन्ही योजना अमेरिकी सरकारच्या आहेत. प्रीचेकच्या रांगेत लॅपटॉप आणि द्रवपदार्थांची पिशवी बॅगेतच राहते आणि पट्टा किंवा हलके जाकीट काढावे लागत नाही. बूट न काढण्याची सवलत पूर्वी या रांगेचे मोठे आकर्षण होती, पण जुलै २०२५ पासून ती सर्वच प्रवाशांना मिळाली आहे. ‘क्लिअर’ ही खासगी कंपनीची सेवा केवळ ओळख पटवण्याच्या रांगेत पुढे नेते, आणि तिची एका वर्षाची वर्गणी ग्लोबल एंट्रीच्या पाच वर्षांच्या शुल्काहून जास्त आहे. वर्षातून दोन-तीन वेळाच विमानात बसणाऱ्याने तिच्यावर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पात्रता न पाहता शुल्क भरणे

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलामुलींकडून ही चूक वारंवार होते. प्रीचेकसाठी थेट अर्ज करण्याचा अधिकार अमेरिकेचे नागरिक, तेथील राष्ट्रीयत्व असलेले आणि ग्रीन कार्डधारक यांनाच आहे. सहकाऱ्याने केले म्हणून नोंदणी केंद्रावर जाऊन, वेळ आणि पैसे घालवून परत आलेले लोक मी पाहिले आहेत. खरे तर त्यांच्यासाठी दुसरा मार्ग उघडा असतो. भारतीय नागरिक जुलै २०१७ पासून ग्लोबल एंट्रीसाठी पात्र आहेत आणि ग्लोबल एंट्रीच्या सदस्यत्वात प्रीचेकचा लाभ अंतर्भूत आहे. पर्यटक व्हिसावर ये-जा करणारे आई-वडीलही भारतीय नागरिक म्हणून हा अर्ज करू शकतात.

पैशांचा हिशेबही याच बाजूने झुकतो. प्रीचेकला नोंदणी करणाऱ्या कंपनीनुसार साधारण ७५ ते ८५ डॉलर लागतात आणि ग्लोबल एंट्रीला १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर. दोन्हींची मुदत पाच वर्षांची आहे. वर्षाकाठी एकदा जरी भारतात येणे होत असेल, तरी आधी प्रीचेक आणि मग ग्लोबल एंट्री असे दोनदा शुल्क भरण्यात अर्थ नाही. अर्ज नामंजूर झाला तरी हे शुल्क परत मिळत नाही, म्हणून पात्रता आधी तपासावी. अमेरिकेतील अनेक क्रेडिट कार्डे हे शुल्क परत देतात, पण ठरावीक वर्षांत एकाच अर्जाचे देतात. ती सवलत प्रीचेकवर खर्च झाली की ग्लोबल एंट्रीचे पैसे खिशातून जातात.

अर्ज अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या ‘टीटीपी’ या सरकारी संकेतस्थळावरच भरावा. शोध घेतला की सरकारी वाटणारी, पण ‘अर्ज भरून देण्याचे’ वेगळे पैसे घेणारी संकेतस्थळे वर येतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह’ नसेल, तर तिथे पासपोर्ट क्रमांक टाकू नये.

नावाचा घोळ

सर्व काही मंजूर होऊनही बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण येत नाही, ही तक्रार मराठी कुटुंबांत फार ऐकू येते, आणि तिचे मूळ आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचे नाव आणि त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव सर्रास असते. ग्लोबल एंट्रीची नोंद पासपोर्टप्रमाणे ‘सुनीता प्रकाश’ अशी होते, तिकीट मात्र एजंट किंवा मुलगा घाईत केवळ ‘सुनीता’ आणि आडनाव घालून काढतो. टीएसएकडे एअरलाइनकडून नाव, जन्मतारीख, लिंग आणि ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’ ही माहिती जाते आणि ती सदस्यत्वाच्या नोंदीशी जुळली तरच खूण उमटते.

माझ्या एका नातेवाईक बाईंचा बोर्डिंग पास मी असाच हातात घेऊन पाहिला होता. नाव बरोबर होते, क्रमांक बरोबर होता, तरी जिथे प्रीचेकची खूण असायला हवी तिथे कोरी जागा होती. आरक्षण उघडून एकेक रकाना पासपोर्टशी ताडून पाहिला, तेव्हा जन्मतारखेत चूक सापडली. त्यांचा जन्म ४ सप्टेंबरचा. आपण ०४/०९ लिहितो, अमेरिकेत आधी महिना लिहितात, आणि तिकीट काढणाऱ्याने त्या आकड्यांचा ९ एप्रिल केला होता. तारीख दुरुस्त करून बोर्डिंग पास नव्याने काढला, तेव्हा खूण आली.

म्हणून खूण आली नाही, तर या क्रमाने पाहावे. पासपोर्टवरचे पूर्ण नाव आरक्षणात आहे का, जन्मतारीख जुळते का, आणि क्रमांक त्याच आरक्षणात घातलेला आहे का. हा क्रमांक म्हणजे ग्लोबल एंट्रीच्या खात्यात दिसणारा नऊ अंकी ‘पासआयडी’. एअरलाइनच्या सदस्य खात्यात तो एकदा भरला म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावरून किंवा एजंटाकडून काढलेल्या तिकिटात तो आपोआप जाईल, असे गृहीत धरू नये. दुरुस्ती केल्यावर जुना बोर्डिंग पास चालत नाही, नवा काढावा लागतो. संबंधित एअरलाइन प्रीचेकमध्ये सहभागी आहे का, हेही पाहावे. ग्लोबल एंट्रीचे कार्ड दाखवून प्रीचेकच्या रांगेत प्रवेश मिळत नाही. सर्व माहिती जुळूनही एखाद्या प्रवासात खूण न येण्याची शक्यता राहते, कारण टीएसए कोणालाही दर वेळची हमी देत नाही.

डिजियात्रातही असाच प्रश्न येतो. तिथे ओळख आधारवरून होते. लग्नानंतर आधारवर एक आडनाव आणि तिकिटावर दुसरे, अशी स्थिती असलेल्या महिलांनी तिकीट काढतानाच आधारवरचे नाव वापरावे. बोर्डिंग पास ॲपमध्ये घेऊन निघण्याच्या विमानतळाला पाठवणेही अनेकांकडून राहून जाते आणि मग दार उघडत नाही. मूळ ओळखपत्र जवळ ठेवावेच.

अर्ज अर्ध्यावर सोडणे

ग्लोबल एंट्रीच्या अर्जात मागील पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि प्रवास केलेले देश विचारले जातात. पूर्वी कस्टम्सने दंड केला असेल किंवा कोणत्याही देशात पोलीस प्रकरण झाले असेल, तर ते लपवू नये, कारण चुकीची माहिती हेच नामंजुरीचे स्वतंत्र कारण ठरते. भारतीय नागरिकांसाठी भारत सरकारकडून पार्श्वभूमीची पडताळणीही होते. त्यासाठी पासपोर्ट सेवा पोर्टलवर वेगळा अर्ज असतो, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना तो भारतीय दूतावासामार्फत करावा लागतो. अमेरिकेचा अर्ज भरून स्वस्थ बसलेल्या माणसाला या पायरीचा पत्ताच नसतो, आणि अर्ज महिनोन्महिने का हलत नाही म्हणून तो काळजी करत राहतो.

सशर्त मंजुरी आल्यावर मुलाखत बाकी असते. नोंदणी केंद्राची वेळ मिळत नाही म्हणून अर्ज सोडून देण्याची गरज नाही. नेवार्क, जेएफके, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को यांसारख्या विमानतळांवर परदेशातून उतरल्याबरोबर, आधी वेळ न घेता ही मुलाखत देता येते. पासपोर्ट, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हातातल्या बॅगेत असावा. चेक-इन केलेल्या बॅगेतली कागदपत्रे त्या काउंटरवर उपयोगी पडत नाहीत. अर्ज नाकारला गेला, तर कारण टीटीपी खात्यातील पत्रात लिहिलेले असते. ते चुकीचे वाटत असेल, तर त्याच संकेतस्थळावरून ३० दिवसांच्या आत फेरविचाराची विनंती करावी.

एकाचे सदस्यत्व सर्व कुटुंबाला चालते, असे समजणे

प्रीचेकच्या रांगेत १२ वर्षांपर्यंतची मुले सदस्य असलेल्या पालकांबरोबर जाऊ शकतात. या सवलतीवरून लोक ग्लोबल एंट्रीबद्दलही तोच अंदाज बांधतात आणि तिथे अडकतात, कारण तिथे तान्ह्या बाळालाही स्वतःचे सदस्यत्व लागते. पालक आधीपासून सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील, तर १८ वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, त्यामुळे मुलांचे अर्ज पालकांबरोबरच करावेत.

बॅगेतला कढीपत्ता

सर्वांत महागात पडणारी चूक सदस्यत्व मिळाल्यानंतर होते आणि ती निव्वळ मायेपोटी होते. ओल्या फडक्यात गुंडाळून वर्तमानपत्रात बांधलेला कढीपत्ता, पर्सच्या कप्प्यात राहिलेले लिंबू, नातवासाठी घेतलेले दोन हापूस आणि डब्यातला आंबेमोहोर हे सर्व ज्या हातांनी भरलेले असते, त्यांना त्यात गैर काही वाटत नाही. मात्र ताजी पाने आणि फळे यांतून लिंबूवर्गीय झाडांवरचे रोग व किडी पसरतात, आणि भारतातल्या तांदळातून खापरा भुंगेरा ही धान्यातली कीड जाण्याची भीती असते, म्हणून अमेरिकेत या वस्तू प्रवाशाला नेता येत नाहीत. हापूस तिथे मिळतो, तो लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रांत विकिरण प्रक्रिया करून, व्यापारी मार्गाने गेलेला. पेटीतून नेलेल्या आंब्याला ती वाट नाही.

सामान्य प्रवाशाला अशी वस्तू न सांगता नेल्याबद्दल दंड होतो. ग्लोबल एंट्रीच्या सदस्याला दंड होतोच आणि सदस्यत्वही रद्द होऊ शकते. विमानात जेवणाबरोबर मिळालेले आणि खायचे राहून गेलेले सफरचंददेखील यात मोडते. कोणतीही खाण्याची वस्तू असली, तर ती आहे असे अधिकाऱ्याला सांगावे. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, न सांगितलेल्या वस्तूपायी दंडही होतो आणि सदस्यत्वही जाऊ शकते. आई-वडिलांची बॅग निघण्यापूर्वी मुलांनी फोनवरून एकेक पुडी विचारून घ्यावी. त्यात त्यांचा अवमान नाही, हे त्यांनाही नीट समजावून सांगावे.

पासपोर्ट नवा, नोंद जुनी

पासपोर्टचे नूतनीकरण झाले की टीटीपी खात्यात नवा क्रमांक भरावा लागतो. नाव किंवा नागरिकत्व बदलले असेल, तर नोंदणी केंद्रावर प्रत्यक्ष जावे लागते. भारताच्या ई-गेट योजनेची मुदतही पाच वर्षे किंवा पासपोर्टची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तितकीच असते, आणि अर्ज करताना पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागतो. पासपोर्टची मुदत जवळ आली असेल, तर आधी तो नवा करून मगच अर्ज करणे सोयीचे ठरते.

ग्लोबल एंट्रीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. तो मुदतीपूर्वी दाखल झाला असेल, तर निर्णय होईपर्यंत २४ महिन्यांपर्यंत लाभ चालू राहतो. एक दिवस जरी उशीर झाला, तरी ही सवलत मिळत नाही, आणि तोपर्यंत नेहमीच्याच रांगेत उभे राहावे लागते.