मुलांना वानखेडेवर मॅचला नेताना: शिवराळ गर्दीची तयारी कशी करावी

आयपीएलची तिकिटं हातात आली की घरात चर्चा सुरू होते ती जर्सीची आणि जायचं कसं याची. तिथे पोरांच्या कानावर काय काय पडेल, हे मात्र स्टँडमध्ये बसल्यावरच लक्षात येतं. मुलांना मॅचला न्यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवर न दिसणारं क्रिकेट तिथे दिसतं. पण तयारी घरूनच करून निघा.

मॅच विचार करून निवडा

मूल सात-आठ वर्षांपेक्षा लहान असेल तर पहिलीच मॅच रात्रीची आयपीएल नको. साडेसातला सुरू झालेला सामना संपायला अकरा-साडेअकरा वाजतात. मूल पेंगुळलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच, शेवटच्या चार-पाच षटकांत, लोकांची जीभ सुटते. दुपारी साडेतीनची मॅच मिळत असेल तर ती घ्या. त्याहून सोपी सुरुवात म्हणजे रणजी. बहुतेक वेळा प्रवेश फुकट असतो, माणसं तुरळक असतात आणि यष्टिरक्षकाचा आवाज स्टँडपर्यंत ऐकू येतो. महिलांचे सामनेही जरूर बघा. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम खच्चून भरलं होतं.

जागा

वानखेडेचा नॉर्थ स्टँड दंग्यासाठी प्रसिद्ध आहे. मोठ्यांना तिथे मजा येते, लहानग्यांसाठी ती जागा नव्हे. पायऱ्यांजवळच्या खुर्च्या घ्या आणि मुलाला दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. उठून जायची वेळ आली तर दहा जणांच्या गुडघ्यांना धडकत जावं लागत नाही.

आदल्या दिवशी बोला

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच राहून जाते. मुलाला सांगा, तिथे लोक ओरडतील, काही जण घाण बोलतील, ते आपण बोलायचं नाही. नुसतं 'चांगलं वाग' म्हणून भागत नाही, उदाहरण द्यावं लागतं. 'काय सोपा कॅच सोडला रे!' चालेल. कुणाची आई-बहीण, जात, धर्म, रंग, अंगकाठी यावर एक शब्दही चालणार नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये याच मैदानावर काही प्रेक्षकांनी ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडाचे हावभाव करून डिवचलं होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे स्पष्ट सांगा. त्याला ते कळतं.

त्याहून लहान असेल तर हार्दिक पंड्याची गोष्ट सांगा. रोहित शर्माच्या जागी तो मुंबईचा कर्णधार झाला म्हणून 1 एप्रिल 2024 ला, राजस्थानविरुद्धच्या सामन्यात, वानखेडेने आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. रोहितने स्वतः सीमारेषेजवळून हातानेच 'नका करू' अशी खूण केली. पुढे भारताने टी-20 विश्वचषक जिंकला आणि 4 जुलैला त्याच स्टेडियमात 'हार्दिक, हार्दिक' असा गजर झाला. मुलाला विचारा, एप्रिलमध्ये त्याला कसं वाटलं असेल? आणि मग त्याला बोलू द्या, मध्ये तोंड घालू नका.

मागच्या रांगेतून शिवी आली तर

पहिली शिवी ऐकून सोडून द्या. तीच जोडी सतत सुरू राहिली तर वळून, हसून, हळू आवाजात म्हणा, "दादा, पोरगी सोबत आहे, जरा सांभाळून बोला ना." पुष्कळ जण ओशाळतात. मात्र माणूस प्यायलेला असेल, किंवा चार-पाच जणांचा घोळका असेल, तर हुज्जत घालू नका. स्टँडमधल्या सुरक्षारक्षकाला किंवा पोलिसाला सांगा, रांग आणि खुर्चीचा नंबर द्या. तरीही थांबलं नाही तर उठा. तिकीट महाग होतं म्हणून मुलाला तिथे बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

"बाबा, त्याचा अर्थ काय?" असं मुलाने विचारलं की दटावू नका. "ती शिवी आहे, कुणाला तरी दुखवायला देतात, घरी गेल्यावर सांगतो," एवढं पुरे. आणि घरी गेल्यावर खरंच सांगा.

आपली स्वतःची जीभही सांभाळायची आहे. विकेट पडल्यावर तुमच्या तोंडून काय निघतं, हे मूल सगळ्यांत आधी टिपतं.

निघताना

शेवटचा चेंडू पडला की लगेच जिन्याकडे धावू नका. पंधरा-वीस मिनिटं जागेवरच थांबा. हरलेल्या संध्याकाळी जिन्यात आणि चर्चगेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेटारेटीबरोबर तोंडंही फार चालतात. मुलाच्या मनगटावर पेनाने तुमचा मोबाइल नंबर आधीच लिहून ठेवा आणि चुकामूक झाली तर कोणत्या गेटपाशी उभं राहायचं, ते आत जाताना त्याला दाखवून ठेवा.