उंदीर शिकत नाही की रिग चुकतेय? या चुका टाळा

डोकं स्थिर ठेवलेल्या उंदराने पुढच्या पायांनी चाक फिरवून पडद्यावरचं चित्र मध्यभागी आणायचं, की त्याला पाण्याचा थेंब मिळतो. मांडणी सोपी दिसते. पण रिगमधला, म्हणजे या प्रयोगाच्या उपकरणांच्या जोडणीतला, दोष शिकण्याच्या आलेखात उंदराचा मठ्ठपणा होऊन उतरतो, आणि मग प्रशिक्षणाचे आठवडे फुकट जातात.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. प्रोग्रॅमने चित्र दाखवायची आज्ञा दिली तो क्षण आणि ते पडद्यावर उमटलं तो क्षण एक नव्हे. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेमच 16.7 मिलिसेकंदांची असते. त्यात बफरचा (चित्र दाखवण्याआधी साठवणाऱ्या स्मृतीचा) आणि पडद्याच्या स्वतःच्या प्रक्रियेचा उशीर मिळतो. चित्र बदललं की काळ्याचा पांढरा होणारा एक लहान चौकोन पडद्याच्या कोपऱ्यात ठेवा, त्यावर फोटोडायोड (उजेड टिपणारा सेन्सर) चिकटवा, आणि त्याचा सिग्नल चाकाचं फिरणं मोजणारा एन्कोडर ज्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला जोडलाय त्याच बोर्डवर नोंदवा. घड्याळ एकच हवं. पडदा वरून खाली रंगवला जातो, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातला डायोड मध्यावरच्या चित्रापेक्षा सुमारे 8 मिलिसेकंद आधी बोलतो. तेवढी दुरुस्ती करा. कॅमेऱ्यासाठी लावलेला 850 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा उंदराला दिसत नसला तरी सिलिकॉन डायोडला चांगलाच दिसतो. डायोड नीट झाका.

चाक जड असेल तर पाय उचलल्यावरही फिरत राहतं आणि चित्र मध्य ओलांडून जातं. हलकं, रबरी धावेचं चाक घ्या. 1024 पल्सचा क्वाड्रेचर एन्कोडर (दोन सिग्नलांनी दिशाही सांगणारा, दर पल्सला चार काउंट मोजणारा) एका फेरीत 4096 काउंट देतो. 62 मिमी व्यासाच्या चाकावर एक काउंट म्हणजे जेमतेम 0.05 मिमी. चाकावर खूण करून बरोबर 10 फेऱ्या फिरवा, हळू आणि मग जोरात. दोन्ही वेळा 40,960 च्या आसपास आकडा यायला हवा. जोरात फिरवल्यावरच तो कमी येत असेल तर बोर्ड काउंट गमावतोय. बहुधा सीरियल प्रिंट (बोर्डने संगणकाला मजकूर पाठवणं) इंटरप्टच्या, म्हणजे प्रत्येक काउंट टिपणाऱ्या तातडीच्या कामाच्या, आड येतंय.

पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होताच भलतेच काउंट दिसतात किंवा बोर्ड रीसेट होतो? बहुधा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकाच्या) कॉइलला, प्रवाह तुटताना येणारा झटका जिरवणारा उलटा डायोड लावलेला नाही, एवढंच. थेंबाचं माप मात्र डोळ्यांनी ठरवू नका: 100 थेंब काढून वजन करा, 3 मायक्रोलिटरच्या थेंबांचं 0.3 ग्रॅम भरतं. बाटलीतली पातळी उतरली की थेंबही लहान होतो, नळीत बुडबुडा असला तर तो येतच नाही.

चित्र निवडताना आपल्या डोळ्यांवर विसंबू नका. उंदराच्या डोळ्यातले शंकू (रंग टिपणाऱ्या पेशी) सुमारे 360 आणि 510 नॅनोमीटरला सर्वाधिक संवेदनशील असतात, म्हणून लाल चित्र त्याच्यासाठी जवळपास काळंच. नजरेच्या दर अंशाला 0.5 काळ्या-पांढऱ्या जोड्यांच्या पुढचं पट्ट्यांचं बारीक जाळंही त्याला दिसत नाही, 0.1 च्या आसपास राहा. पडद्याचं अंतर त्याच्या चौकटीपासून नव्हे, उंदराच्या डोळ्यापासून मोजा, आणि हेडप्लेटची (डोकं स्थिर धरायला कवटीवर बसवलेल्या पट्टीची) पकड बोटाने हलवून पाहा: ती हलली तर ते अंतरही हललं.