पावसाळ्यात आंबोलीच्या रानातल्या निवासात राहायला जाताय?

सगळ्यात आधी साबण-शाम्पू घरीच ठेवा, रिठा नाहीतर शिकेकाई बरोबर घ्या. अशा ठिकाणी न्हाणीचं पाणी बहुधा पाटाने थेट मागच्या केळी-पोफळींना जातं. जीनही नकोच, तिथल्या दमट हवेत ती चार दिवसांत वाळत नाही. पातळ सुती कपडे आणि पंचा बरा. रात्री ते चुलीजवळच्या दोरीवर टाकायला यजमानांची परवानगी मागा, आनंदाने देतात.

जळवांना घाबरू नका. चिकटलेली जळू ओढू नका. नख कातडीला टेकवून तिचं तोंड हळूच बाजूला सरकवा. नंतर रक्त बराच वेळ झिरपत राहतं. तिच्या लाळेतल्या द्रव्यामुळे ते लवकर गोठत नाही, एवढंच. जखम धुवा, कापसाने दाबून धरा.

आता माझ्या जिवाची गोष्ट. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, चालताना कातळातल्या उथळ डबक्यांत पाय घालू नका, अगदी चार बोटं पाणी असलं तरी. आंबोली टोड नावाचा बेडूक अशाच डबक्यांत अंडी घालतो. हा इवलासा जीव २००९ साली नवीन प्रजाती म्हणून नोंदवला गेला, आणि तो याच परिसरातला. एका बुटाखाली अख्खी वीण जाते. वाकून पाहिलंत तर पाण्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतील. तेवढं बघा आणि कोरड्या कातळावरून वळसा घ्या. रात्री बॅटरी पायापुरतीच लावा, बेडकांच्या डोळ्यांवर झोत धरू नका.