जुना प्रेमपट आज पुन्हा पाहताना

जुना प्रेमपट आजही टिकतो का, हे ठरवायचे असेल तर गाण्यांची भूल क्षणभर बाजूला ठेवावी आणि नायिकेच्या इच्छेचा नायक किती मान राखतो, एवढ्याकडेच लक्ष द्यावे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (1995) मध्ये दारूच्या नशेत झोपलेल्या सिमरनला, रात्री काहीतरी घडल्याचे भासवून राज सकाळी रडवतो; तो प्रसंग आज मला बघवत नाही. मात्र आपल्या वाट्याला आले ते मुलीच्या वाट्याला येऊ नये म्हणून दागिने पुढे करून तिला पळून जायला सांगणारी आई आजही तितकीच खरी वाटते.

त्यानंतर ‘सैराट’ (2016) लावावा, आणि आपण सोलापूरकरांनी तर तो अधिक कठोरपणे पाहावा, कारण त्यात दिसणारा करमाळ्याचा परिसर आपल्याच जिल्ह्यातला आहे. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीचे कौतुक सगळेच करतात. संशयाने पछाडलेला परशा तिच्यावर हात उचलतो, तिथे थांबावे. दिग्दर्शक नागराज मंजुळे ते झाकत नाहीत, म्हणून हा चित्रपट टिकतो, असे माझे ठाम मत आहे.

शक्यतो रविवारी, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे जेवण आटोपल्यावर, आई आणि मुलीला सोबत घेऊन पाहावे, आणि कोणत्या प्रसंगी कोण गप्प होते ते टिपून ठेवावे.