यॉर्कशरच्या गुहांत उतरताय? या चुका टाळा

शनिवारी गुहेत जाणार असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, वेरूळ-अजिंठा बघून झालंय ना तुझं?” गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेणीच येतात. माणसानं कोरलेली, कोरडी, दारातून उजेड येणारी. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्सच्या गुहा चुनखडीत पाण्यानं कोरल्या आहेत, आणि ते पाणी अजून तिथेच नांदतंय. लीड्सला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी या नादाला लागले. सह्याद्रीत वीसेक किल्ले केल्याचा माज सोबत होता. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्यानंच करायला लावल्या.

“ऊन पडलंय, निघूया”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खिडकीतून आभाळ बघून काही कळत नाही, कारण गुहेत कालचा पाऊसही येतो. डोंगरमाथ्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताची, स्पंजासारखी जमीन असते. ती एकदा तुडुंब भरली की पुढचा पाऊस मुरतच नाही. तो सरळ ओढ्यात जातो आणि ओढ्यातून गुहेत. पावसाळ्यात सांदण दरीत उतरायचं नाही हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. हिशेब तोच आहे, फक्त इथे पावसाळ्याला महिना नाही. २४ जून १९६७ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात, दहा जण मॉसडेल कॅव्हर्न्समध्ये गेले. चौघे लवकर बाहेर पडले. मागे राहिलेले सहाही जण पुरात गेले.

माझ्या पहिल्याच खेपेला, लाँग चर्नमध्ये, आमच्या म्होरक्यानं दिवा छताकडे वळवला. डोक्याच्या वीतभर वर, फटीत वाळक्या गवताच्या काड्या अडकल्या होत्या. “हे इथं कुणी आणून ठेवलं?” मी विचारलं. तो म्हणाला, “पाण्यानं.” तेव्हापासून मी गुहेत आधी छत बघते, मग वाट.

आत असताना पाणी गढूळ व्हायला लागलं, आवाज वाढला, तर फोटो राहू द्या. वाट मोकळी असेल तर लगेच बाहेर पडा. नसेल, तर गवत-फेसाच्या खुणांच्या वरची जागा गाठा, एकमेकांना चिकटून बसा, एकच दिवा चालू ठेवा आणि पाणी ओसरायची वाट बघा. घाईनं पाण्यात घुसणं हाच खरा धोका.

पुण्याच्या भावाला सांगून निघणं

कुठल्या गुहेत, किती जण, किती वाजेपर्यंत बाहेर, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची, हे बाहेरच्या एका माणसाला लिहून द्यायचं असतं. इथे त्याला ‘कॉलआउट’ म्हणतात. आपल्यातली मंडळी हे काम भारतातल्या घरच्यांवर टाकतात. पण उन्हाळ्यात इथले रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे दीड, घर झोपलेलं. जागं असलं तरी तिकडून ९९९, म्हणजे इथला तातडीच्या मदतीचा नंबर, लागणार नाही. इथल्याच माणसाला सांगा, आणि त्याला पक्कं पाठ करून द्या: ९९९, आधी पोलीस मागायचे, मग केव्ह रेस्क्यू. डेल्समधल्या क्लॅपहॅम गावची केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन १९३५ पासून हे काम करते आहे. सगळे स्वयंसेवक, एक पैसा घेत नाहीत.

म्हणूनच उलटी चूक जास्त लाजिरवाणी. एकदा आम्ही सहालाच बाहेर आलो आणि पबमध्ये चिप्स खात बसलो. दरीत मोबाइलला रेंज नाही, कॉलआउट नऊचा. नऊला दहा कमी असताना आठवलं. पबचा लँडलाइन मागून घरी फोन केला, तर नवरा हातात मोबाइल घेऊन घड्याळाकडे बघत उभा. त्यानंतर नियम केला: आधी फोन, मग चिप्स.

ट्रेकचेच कपडे

आत बारा महिने आठ-नऊ अंश. सुती ट्रॅकपँट कमरेएवढ्या पाण्यात एकदा भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढत राहते. आतून फ्लीसचा अखंड सूट (इथली मंडळी त्याला लाडानं ‘फरी’ म्हणतात), वरून जाड ओव्हरसूट, पायात गमबूट. हो, गमबूटच. ट्रेकिंगच्या बुटांचे लेसचे हुक दोरशिडीच्या तारेत अडकतात. गुडघ्यांना पॅड हवेतच, नाहीतर सोमवारी ऑफिसचा जिना उतरताना सगळ्यांना कळेल. यातलं काही लगेच विकत घेऊ नका, बहुतेक क्लब नवख्यांना उसनं देतात. हेल्मेटवरच्या दिव्याशिवाय दुसरा दिवा प्रत्येकाकडे हवा. मोबाइलचा टॉर्च म्हणजे दिवा नव्हे. चष्मा असेल तर मागून इलॅस्टिकची पट्टी लावा. काचेवर धुकं धरणारच, तेव्हा पुसायला काहीतरी कोरडं पिशवीत ठेवा.

अडकलात तर जोर लावणं

अरुंद फटीत माणूस घाबरतो, खोल श्वास घेतो, छाती फुगते आणि आणखी घट्ट बसतो. थांबा. श्वास हळूहळू सोडा आणि सोडतानाच सरका. एक हात पुढे, एक मागे ठेवलात तर खांदे तिरके होतात. पट्टा, पिशवी आधीच काढून पुढच्याकडे द्या. उताराच्या अनोळखी फटीत डोकं आधी घालू नका, पाय आधी. पाय टेकले नाहीत तर निदान वर परत येता येतं.

वाट चुकण्याचं कारणही साधं असतं: जाताना आपण फक्त पुढे बघतो. प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा, येताना तेच दृश्य दिसणार आहे.

“रॅपलिंग येतं मला”

कोकणकड्यावर उतरलेल्याला वाटतं, दोराचं आपल्याला सगळं येतं. इथे उतरल्यावर त्याच दोरावरून चढून यायचं असतं. गेपिंग गिल या गुहेचा मुख्य खड्डा सुमारे ९८ मीटर आहे, आणि दमल्यावर त्याला खालून लिफ्ट नाही. म्हणजे एरवी नाही. मेअखेर आणि ऑगस्टमध्ये दोन क्लब तिथे विंच (दोर गुंडाळणारं यंत्र) लावतात, तेव्हा खुर्चीत बसून कुणीही उतरू शकतं. आईबाबा त्या सुमारास येणार असतील तर त्यांनाही दाखवा. आई अजून तयार नाही.

ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनच्या सदस्यत्वात विमा असतो, पण तो तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तुमचा मोडलेला पाय त्यात येत नाही. वेगळी पॉलिसी घेताना त्यात केव्हिंग चालतं का, ते वाचून घ्या.

आणि घरी आल्यावर ओव्हरसूट बाथटबमध्ये धुऊ नका. चुनखडीचा चिखल पाइपात बसला की निघत नाही. भाड्याचं घर असेल तर डिपॉझिट त्यातच वाहून जातं. अंगणात पाइप लावा, नाहीतर बादली.