जुना ऑसिलोस्कोप: शॉर्ट झालेला टँटॅलम कसा शोधायचा

सांगली-मिरजेच्या भंगारात आणि कॉलेजच्या लॅबमधून बाद झालेल्या मालात 1970-80 च्या दशकांतले ऑसिलोस्कोप (विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं उपकरण) अजून हाती लागतात. पंखा फिरतो पण पडदा काळाच, अशी अवस्था असेल तर लगेच पिक्चर ट्यूब गेली असं ठरवू नका. आधी सप्लायच्या रेल, म्हणजे बोर्डाला ठरलेला व्होल्टेज पुरवणाऱ्या लाइन, तपासा. एखाद्या रेलचा व्होल्टेज बसलेला निघाला, तर पहिला संशय त्यावरच्या थेंबासारख्या टँटॅलम कंडेन्सरवर घ्या.

‘सगळे कंडेन्सर एकदम बदलून टाका’ हा सल्ला ऐकू नका. जुन्या बोर्डाचे पॅड (पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या चकत्या) उष्णतेने उचलतात, आणि एका बिघाडाचे पाच होतात. बिघडलेला शोधा, तेवढाच काढा.

2019 च्या महापुरात भिजलेला सेट असेल तर गाळ धुऊन, पूर्ण वाळवून, ट्रान्सफॉर्मर मेगरवर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) तपासल्याशिवाय प्लग लावू नका. बाकी तयारी नेहमीचीच: प्लग काढा, मोठे कंडेन्सर आणि ट्यूबचा हाय व्होल्टेज भाग रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, प्रत्येक रेलचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजा. एक-दोन ओहम दाखवणारी रेल दोषी.

खरी अडचण इथून पुढे आहे. त्या रेलवर वीस टँटॅलम असतील, तर मीटरचा बझर विसाही ठिकाणी वाजतो. काही जण जास्त करंट सोडून ‘धूर कुठून येतो ते बघा’ म्हणतात. हे कधीच करू नका. टँटॅलम पेट घेतो, आणि तो पेटायच्या आधी ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) जळू शकतो.

त्याऐवजी लॅब सप्लाय 0.5 व्होल्टवर ठेवा, करंट लिमिट 1 अँपिअर, आणि तो रेल व ग्राउंडला जोडा. 0.5 व्होल्टला सिलिकॉन जंक्शन चालू होत नाहीत, म्हणून जवळजवळ सगळा करंट शॉर्टमधूनच जातो. आता मीटर मिलिव्होल्टचा फरक दिसेल अशा डीसी व्होल्ट रेंजवर घ्या. काळा प्रोब ग्राउंडवर एकाच जागी, पण सप्लायच्या क्लिपवर नाही. क्लिपच्या जोडावर पडणारा व्होल्टेज आकडा बिघडवतो. लाल प्रोब रेलच्या ट्रॅकवरून सरकवत न्या. 1 मिमी रुंद, 10 सेमी लांब ट्रॅकवर 1 अँपिअरला सुमारे 50 मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे फरक स्पष्ट दिसतो.

शॉर्टकडे जाताना आकडा घटत जातो. शॉर्टच्या पुढे करंटच नाही, म्हणून तिथे तो बदलत नाही. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक ट्रॅकच्या टोकाचा चांगला कंडेन्सर काढून बसतात. घट जिथे थांबते, तिथला कंडेन्सर धरा. त्याचा एक पाय उचला; रेलचा रेझिस्टन्स वर आला तर तोच.

नवा घालताना 15 व्होल्टच्या रेलवर जुना 25 व्होल्टचा असला तरी 35 चा टँटॅलम लावा. किंवा 105 अंशांचा, 50 व्होल्टचा अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिक, शेजारी 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. स्वीपच्या (पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या सर्किटच्या) टायमिंगमध्ये मात्र अॅल्युमिनियम नको. त्याच्या लीकेजने वेळ चुकते.

पोलॅरिटी दोनदा बघा. टँटॅलमवर खूण प्लसची असते, अॅल्युमिनियमवर पट्टी मायनसची. जुन्या रंगीत टँटॅलमवर ठिपका आपल्याकडे धरला की उजवा पाय प्लस. उलटा लागलेला टँटॅलम फुटतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना चेहरा बाजूला ठेवा. लिनियर (साध्या ट्रान्सफॉर्मरच्या) सप्लायच्या सेटला मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये 100 वॅटचा फिलामेंट बल्ब लावा. तो क्षणभर उजळून मंद झाला पाहिजे.

रेल बरोबर आल्या पण एकच चॅनल मेला असेल, तर दुर्मिळ आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधायला जाण्याआधी दोन्ही चॅनलचे सॉकेटमधले सारखे भाग अदलाबदल करून बघा. बिघाड भागाबरोबर दुसऱ्या चॅनलला गेला, तरच तो भाग मागवा. ट्रिगरमधल्या (आलेख पडद्यावर स्थिर धरणाऱ्या भागातल्या) टनेल डायोड या नाजूक डायोडला मात्र मीटरची ओहम रेंज लावू नका. मीटरच्या करंटनेच तो जाऊ शकतो, आणि त्याच्या जोडीचा मिळणं फार अवघड आहे.